चांदीवर चढलेला रंग

चांदी काळी पडते, हे सांगायला कुणा शास्त्रज्ञाची गरज नाही. पैंजण, जोडवी, निरांजन, अत्तरदाणी, गुलाबदाणी, घर कुणाचेही असो, कपाटात वर्षभर पडून राहिलेली चांदी बाहेर काढली की काळवंडलेली दिसते. मग चिंच येते, रिठे येतात, दातांची पावडर येते आणि घरातले कुणीतरी घासायला बसते. पण काळी पडण्याआधी चांदी रंगीत होत असते, हे आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिले असेल. फिकट सोनेरी, तांबूस, जांभळी, निळी, हिरवी अशा छटा तिच्यावर एकामागून एक चढतात. हा रंग नाण्यावर नीट उतरला तर ते नाणे एखाद्या पाखराच्या पिसासारखे दिसू लागते. जगातल्या नाणेसंग्राहकांमध्ये अशा नाण्यांचे वेड आहे. जिथे वेड आहे तिथे पैसा येतो आणि पैशामागोमाग नक्कल येते. तेव्हा आज मी बोलणार आहे ते या रंगाविषयी. काळाने चढवलेला रंग आणि माणसाने चढवलेला रंग वेगळा ओळखायचा कसा, याविषयी.

आपण ज्याला सराफ म्हणतो तो शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ नाणी पारखून बदलून देणारा. मराठीने नाण्यांवरून किती शब्द घडवले पाहा. बंदा रुपया, खणखणीत नाणे, नाणावलेला माणूस, चलनी नाणे. या शब्दांमागे एक जुनी पद्धत आहे. नाणे दगडावर वाजवून घ्यायचे, तोलून घ्यायचे, कसाला लावायचे. आवाज, वजन आणि कस या तीन गोष्टींनी खरे-खोटे ठरत असे. रंगाचा प्रश्न या तिन्हींच्या पलीकडचा आहे. इथे नाणे खरे असते, चांदी खरी असते, वजनही पुरे भरते. संशय फक्त वरच्या रंगाचा असतो. म्हणूनच मला, कविता लिहिणाऱ्या माणसाला, हा विषय ओढून घेतो. बनावट वस्तू ओळखणे त्या मानाने सोपे. खऱ्या वस्तूवरचा बनावट इतिहास ओळखणे फार अवघड.

या रंगाची गोष्ट मुख्यतः अमेरिकेत घडली आणि तिचा नायक आहे तिथला चांदीचा डॉलर. हे नाणे ‘मॉर्गन डॉलर’ या नावाने ओळखले जाते. जॉर्ज मॉर्गन हा इंग्रज कोरीवकाम करणारा १८७६ मध्ये अमेरिकेच्या टांकसाळीत आला आणि त्याने या नाण्याचे चित्र घडवले. छाप्याच्या बाजूला स्वातंत्र्यदेवीचा मुखवटा, काट्याच्या बाजूला पंख पसरलेला गरुड. वजन २६.७३ ग्रॅम, त्यात नव्वद टक्के चांदी आणि दहा टक्के तांबे. आपल्या राणीछाप रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम होते, यावरून हा डॉलर हाताला केवढा लागत असेल याची कल्पना येईल.

हा डॉलर लोकांना हवा होता म्हणून पाडला गेला, असे मात्र नाही. नेवाडा आणि आजूबाजूच्या पश्चिमेकडील मुलखात चांदीच्या मोठ्या खाणी लागल्या होत्या. चांदीचा भाव उतरत होता. खाणवाल्यांचा राजकारणावर जोर होता आणि शेतकऱ्यांनाही बाजारात पैसा वाढलेला हवा होता. फेब्रुवारी १८७८ मध्ये ब्लँड-अ‍ॅलिसन कायदा झाला. सरकारने दरमहा वीस ते चाळीस लाख डॉलरची चांदी विकत घ्यावी आणि तिची नाणी पाडावीत, असे त्याने बंधन घातले. १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ या काळात असे ६५ कोटींहून अधिक डॉलर पाडले गेले. लोकांना ते जड वाटत. त्यापेक्षा त्यांच्या बदल्यातले कागदी चांदी-प्रमाणपत्र खिशात ठेवणे सोयीचे. मग नाणी गेली तिजोरीच्या तळघरात. जाड कापडाच्या थैल्या, एकेका थैलीत एक हजार डॉलर, वजन सुमारे पावणेसत्तावीस किलो. थैलीवर थैली रचलेली. अशी ती कुणाच्याही हाताला न लागता साठ-साठ, ऐंशी-ऐंशी वर्षे पडून राहिली.

रंग चढला तो या थैल्यांमध्ये. हवेत आणि कापडात गंधकाची संयुगे अत्यल्प प्रमाणात असतात. जरासा ओलावा मिळाला की गंधक आणि चांदी यांची गाठ पडते आणि चांदीच्या अंगावर सिल्व्हर सल्फाइडचा एक अतिशय पातळ थर बसतो. किती पातळ? मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले काही दहा, फार तर शंभर-दोनशे भाग. त्या थरात रंगद्रव्य नसते. पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर किंवा साबणाच्या फुग्यावर जे रंग दिसतात, तेच हे रंग. प्रकाशाचा काही भाग थराच्या वरच्या पृष्ठावरून परततो, काही भाग खालच्या धातूवरून परततो. या दोन लाटा एकमेकींत मिसळताना काही रंग मिटवतात, काही उजळवतात. अशा पातळ पापुद्र्यांचे रंग रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात नोंदवले, न्यूटनने त्यांची मोजमापे घेतली आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी थॉमस यंगने लाटांच्या साहाय्याने त्यांचा उलगडा केला.

थराची जाडी वाढत जाते तसा रंग बदलतो आणि तो ठरलेल्या क्रमानेच बदलतो. आधी फिकट सोनेरी, मग तांबूस, मग जांभळा, मग गडद निळा, मग आकाशी. थर आणखी वाढला की पुन्हा पिवळा, पुन्हा गुलाबी-जांभळा आणि त्यानंतर हिरवा. हिरवा उशिरा येतो. शेवटी सगळे रंग विझतात आणि उरतो तो आपल्या ओळखीचा काळा. हा क्रम लक्षात ठेवा, कारण पुढे साक्षीदार म्हणून तो उभा राहणार आहे.

थैलीतल्या नाण्यावर आणखीही काही खुणा उमटतात. थैलीच्या कापडाला टेकलेल्या नाण्याची तेवढीच एक बाजू रंगते, दुसरी पांढरीशुभ्र राहते. त्यावर दुसरे नाणे अर्धवट आडवे पडलेले असेल, तर झाकलेला भाग कोरा राहतो आणि उघड्या भागावर चंद्रकोरीसारखा रंग चढतो. कधी कधी तर कापडाच्या विणीची जाळी नाण्यावर उमटलेली दिसते. अक्षरे आणि तारे जिथे सपाट पृष्ठातून वर येतात, तिथे त्यांच्या पायथ्याशी बारीक कोरी रेघ राहते, कारण त्या कोनाकोपऱ्यात कापड पोचलेले नसते. कागदी गुंडाळीत ठेवलेल्या नाण्यांपैकी टोकाची दोन नाणी रंगतात. १९३० च्या दशकापासून अमेरिकेत वेट रेमंड यांचे पुठ्ठ्याचे अल्बम लोकप्रिय झाले. त्या पुठ्ठ्यातल्या गंधकामुळे नाण्याच्या कडेला गडद रंग चढतो आणि मध्याकडे तो वर्तुळावर्तुळाने फिका होत जातो. थोडक्यात, नाणे कुठे राहिले याचा दाखला त्याच्या अंगावर लिहिलेला असतो.

गंमत अशी, की हा दाखला पुसून टाकण्यातच संग्राहकांच्या कित्येक पिढ्या धन्यता मानत होत्या. नाणे टांकसाळीतून आले तसे लखलखीत हवे, हा आग्रह. जे. सॅनफर्ड सॉल्टस या नामांकित अमेरिकन संग्राहकाची हकिकत प्रसिद्ध आहे. १९२२ मध्ये लंडनच्या एका हॉटेलात ते चांदीची नाणी पोटॅशियम सायनाइडने स्वच्छ करत होते. शेजारी जिंजर एलचा पेला होता. चुकून हात दुसऱ्या पेल्याकडे गेला आणि ते प्राणाला मुकले. नंतर कमी घातक द्रावणे आली. नाणे बुडवले, काढले, पाण्याखाली धरले की पांढरे. पण रंगाचा थर म्हणजे नाण्याचीच चांदी असते. तो उतरवताना नाण्याच्या कातडीचा एक पदर जातो आणि दोन-चारदा असे केले की मूळची झळाळी कायमची मरते. काळवंडण्याच्या भीतीने जितकी नाणी बिघडली, तितकी काळवंडण्याने बिघडली नसतील.

गेल्या शतकाच्या उत्तरार्धात वारे फिरले. ज्या रंगाला मळ म्हणत होते त्यालाच लोक दागिना म्हणू लागले. याला कारण झाल्या त्याच थैल्या. १९६२ च्या अखेरीस अमेरिकी तिजोरीने साठवणीतल्या जुन्या थैल्या बाहेर काढायला सुरुवात केली. त्यांत न्यू ऑर्लिन्स टांकसाळीचा १९०३ चा डॉलर थैल्याच्या थैल्या भरून निघाला. त्याआधी हे नाणे इतके दुर्मीळ समजले जाई, की कॅटलॉगमध्ये न वापरलेल्या प्रतीची किंमत दीड हजार डॉलर छापलेली होती. काही महिन्यांत ती कोसळली. लोक रांगा लावून प्रमाणपत्रे देऊन थैल्या घेऊन गेले. मार्च १९६४ मध्ये सरकारने हे वाटप थांबवले आणि शिल्लक राहिलेले सुमारे २९ लाख डॉलर, बहुतांश कार्सन सिटी टांकसाळीचे, १९७२ ते १९८० दरम्यान प्लॅस्टिकच्या पेट्यांत घालून विकले. थैल्या उघडल्या तेव्हा पांढऱ्या नाण्यांच्या राशीत अधूनमधून इंद्रधनुष्य निघाले.

१९०३ चे ते नाणे दुर्मीळ का समजले जात होते, याचे उत्तर शोधताना आपण थेट मुंबईत येऊन पोचतो. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थान सरकारवर खर्चाचा मोठा बोजा पडला. मेसोपोटेमियातल्या फौजांसाठी पैसा इथून जात होता. मालाची निर्यात वाढली होती आणि त्याचे मोल लोकांना रुपयांत हवे होते. चांदी महागली, रुपया घरोघर मडक्यांत आणि पेट्यांत गडप होऊ लागला. सरकारने ३० नोव्हेंबर १९१७ या तारखेची एक रुपयाची नोट काढली, पाठोपाठ अडीच रुपयांची काढली. पण कागदावर लोकांचा भरवसा बसेना. नोट द्या आणि बंदा रुपया घ्या, यासाठी लोकांची रीघ लागली. नोटेवर दिलेले वचन मोडण्याची वेळ आली असती तर सरकारची अब्रूच गेली असती. अशा वेळी ब्रिटनने अमेरिकेकडे चांदी मागितली. २३ एप्रिल १९१८ रोजी तिथे पिटमन कायदा झाला आणि २७ कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळवले गेले. त्यांतले सुमारे २५ कोटी ९० लाख डॉलर, म्हणजे जवळजवळ २० कोटी औंस चांदी, ब्रिटनला विकण्यासाठी होती आणि ती हिंदुस्थानसाठी होती. मुंबई आणि कलकत्ता इथल्या टांकसाळी पंचम जॉर्जचे रुपये पाडत राहिल्या. एका डॉलरच्या चांदीतून साधारण सव्वादोन रुपये होतात, हा हिशेब कुणालाही करता येईल.

वितळवताना कोणत्या सालची, कोणत्या टांकसाळीची किती नाणी गेली याची नोंद कुणी ठेवली नाही. म्हणून चव्वेचाळीस वर्षे सगळे समजत राहिले की १९०३ चे ते डॉलर भट्टीत गेले. प्रत्यक्षात ते तळघरात निवांत पडून होते. आणि जे खरोखर गेले त्यांच्यावर चढलेले रंगही भट्टीत गेले. लक्ष्मीपूजनाच्या ताटात आपल्याकडे आजही १९१८, १९१९ सालचे पंचम जॉर्ज रुपये असतात. त्यांतल्या एखाद्यात नेवाडाच्या डोंगरातली चांदी असू शकेल. पण त्या चांदीचा अमेरिकेतला मुक्काम आज तिच्या अंगावर कुठेच दिसत नाही. भट्टी सगळे पुसते.

आता नकलेकडे येऊ. रंगीत नाण्याला साध्या पांढऱ्या नाण्याच्या कित्येक पट किंमत मिळू लागली, तेव्हा रंगाऱ्यांचा धंदा सुरू झाला. कुणी नाणे भट्टीत भाजतो, कुणी गंधकाच्या वाफेवर धरतो, कुणी रसायनात बुडवतो. साठ वर्षांचे काम साठ मिनिटांत. बाजारात यांना ‘नाण्यांचे डॉक्टर’ म्हणतात. हे डॉक्टर रोगी बरा करत नाहीत, त्याचे वय वाढवतात.

पारखणारा काय पाहतो? पहिली गोष्ट, क्रम. सोनेरीच्या शेजारी तांबूस, मग जांभळा, मग निळा असे रंग उतरत गेले असतील तर थर सावकाश वाढला. सोनेरीच्या लगतच हिरवा आला, किंवा सबंध नाणे एकाच भडक निळ्या-जांभळ्या रंगात न्हालेले असले, की शंका घ्यावी. दुसरी गोष्ट, रंग आणि झळाळी यांचे नाते. नाणे उजेडात फिरवले की ताज्या नाण्यावर चाकाच्या आऱ्यांसारखी चमक फिरते. खऱ्या रंगाखालून ती फिरताना दिसते. बनावट रंग पुष्कळदा वर तरंगल्यासारखा, मेणचट दिसतो. तिसरी गोष्ट, ओरखडे. सपाट भागावर जो रंग, तोच ओरखड्याच्या तळाशीही असेल, तर रंग ओरखड्यानंतर आला. रंगाखाली घासल्याच्या बारीक रेषा दिसल्या, तर कुणीतरी आधी नाणे घासले आणि मग लाज झाकायला रंग दिला. चौथी गोष्ट, अक्षरांच्या पायथ्याची ती कोरी रेघ. द्रावण सगळीकडे सारखे शिरते. कापड तसे शिरत नाही. आणि पाचवी गोष्ट, साधी समजूत. हातोहात फिरून झिजलेल्या नाण्यावर कोवळे इंद्रधनुष्य दिसले, तर ते कुठून आले हे विचारायला हवे.

इतके सगळे पाहूनही निकाल दर वेळी लागतोच असे नाही. कारण रसायनशास्त्र दोन्हीकडे सारखेच आहे. थैलीत बसला तो सिल्व्हर सल्फाइडचा थर आणि वाफेवर बसवला तोही सिल्व्हर सल्फाइडचाच. फरक वेळेचा आहे आणि त्याहून अधिक हेतूचा. एखाद्याने १९४० मध्ये नाणे जपण्यासाठी अल्बममध्ये ठेवले आणि ते रंगले, तर तो रंग नैसर्गिक. तोच जुना अल्बम आज विकत आणून, नाणे रंगावे याच हेतूने कुणी त्यात ठेवले आणि ओलसर जागी दोन वर्षे वाट पाहिली, तर? पुठ्ठा तोच, गंधक तेच, कदाचित रंगही हुबेहूब तोच. आमच्या घरांतून लहानपणापासून शिकवले जाते की कृतीची किंमत नियतीवर, म्हणजे माणसाच्या मनातल्या इराद्यावर ठरते. मराठी कानाला नीयत आणि नियती हे शब्द जवळचे वाटतात. या नाण्यांच्या बाबतीत तर एकाच रंगाला नियतीचा म्हणायचे की नीयतीचा, एवढाच वाद आहे. आणि नीयत मोजणारा सूक्ष्मदर्शक अजून कुणी बनवलेला नाही.

अमेरिकेत १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या कंपन्या निघाल्या. त्या नाणे तपासतात, सत्तर गुणांच्या मोजपट्टीवर प्रत ठरवतात आणि ते प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करून देतात. रंग पटला नाही तर त्या त्याला खोटा म्हणतातच असे नाही. ‘रंग शंकास्पद’ एवढाच शेरा देतात. मला हा शेरा आवडतो. इतिहासाच्या अभ्यासकाने शिकावा असा तो आहे. जुनी सनद, जुने घराणे, जुनी जागा, जुनी वंशावळ, कशाबद्दलही आपल्याकडे दोनच निकाल तयार असतात. अस्सल किंवा बनावट. पुराव्याने जिथवर नेले तिथवर जाऊन थांबणे आणि ‘शंका आहे’ असे लिहून ठेवणे, हे धैर्याचे काम आहे. कारण त्या शेऱ्याने दोन्ही बाजू नाराज होतात. उलटही सांगितले पाहिजे. शंका घेण्याच्या भरात खऱ्या रंगालाही लोक खोटे ठरवतात. साठ वर्षे थैलीत प्रामाणिकपणे पडून राहिलेल्या नाण्याने आपला प्रामाणिकपणा सिद्ध कसा करावा? त्याच्याजवळ कागदपत्रे नसतात. अंगावरच्या खुणा एवढाच त्याचा पुरावा, आणि त्याच खुणांवर संशय. नाण्यांपुरते हे ठीक आहे. माणसांच्या बाबतीत असे होते तेव्हा त्याची किंमत फार मोठी असते.

जाणकार म्हणूनच नाण्याबरोबर त्याची वाटचालही मागतात. ते कोणत्या थैलीतून आले, कोणत्या संग्रहात होते, जुना अल्बम, जुने पाकीट शिल्लक आहे का. रंग एकटा बोलला तर त्याच्यावर विसंबू नये. रंग, खुणा आणि वाटचाल तिघे एकच गोष्ट सांगत असतील, तर विश्वास ठेवायला हरकत नाही.

जाता जाता एक विनंती. आपल्या घरात आजी-आजोबांच्या वेळचे रुपये असतील तर दिवाळीला ते जरूर बाहेर काढा, पण चिंच आणि पावडर घेऊन बसू नका. कोरड्या मऊ कापडात, कडेने धरून, उजेडात जरा तिरके करून पाहा. काळेपणाच्या कडेला कुठे निळसर, कुठे तांबूस रेघ दिसेल. ती कुणी मुद्दाम काढलेली नाही. तुमच्या घराची हवा, पेटीचे लाकूड, पुरचुंडीचे कापड आणि तितकी वर्षे यांनी मिळून ती काढली आहे. ती तशीच राहू द्या.